पूर्ववत

शुद्धीवर आल्यावर ज्योत्स्ना ठवरे यांनी नवऱ्याला लगेच ओळखलं. ओळखलं नाही ते स्वतःच्या पदाला. दवाखान्याच्या दाराशी पोलीस का उभा आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हेमराज म्हणाला, "तू खासदार आहेस ना, म्हणून." त्या हसल्या. त्यांच्या हिशेबाने त्या भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करत होत्या आणि दुपारी त्यांच्या एका पक्षकाराची तारीख होती.

मेंदूज्वराने त्यांची मागची सात वर्षं पुसून टाकली होती. धानाच्या पट्ट्यात डासांमुळे येणारा हा ताप नवीन नव्हता. वाचलेल्या माणसाला तो काय काय मागे ठेवू देईल याचा नेम नसे. ज्योत्स्नाचे हातपाय, वाचा, बुद्धी, सगळं शाबूत होतं. गेलं होतं ते नेमकं वैनगंगा मतदारसंघातून निवडून आल्यापासूनचं आयुष्य.

हेमराज पशुवैद्य होता. महाविद्यालयात असताना त्याने बैलाच्या मेंदूचं विच्छेदन केलं होतं, त्यामुळे नागपूरच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. मुग्धा घटाटे त्याच्याशी थोडं मोकळेपणाने बोलल्या.

"आठवण ही कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते," त्या म्हणाल्या. "आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ते चित्र दर वेळी नव्याने बांधतो. बांधकाम करणारा भाग कानाच्या आतल्या बाजूला खोल असतो, समुद्रघोड्याच्या आकाराचा. तुमच्या मिसेसच्या तिथल्या काही जोडण्या तुटल्यात. आम्ही तिथे केसाहून बारीक तारा बसवतो. मग रुग्णाला त्याच्याच आयुष्यातलं चित्रण दाखवायचं, आणि तो पाहत असताना त्या तारांमधून एक ठरावीक लय सोडायची. खरोखर काही घडत असताना मेंदू जी लय धरतो, तीच. त्या लयीत जे पाहिलं जातं त्यावर 'हे माझं' असा शिक्का बसतो. पुढे मेंदूला पाहिलेलं आणि जगलेलं यात फरक करता येत नाही."

या उपचाराला 'स्मृतिसेतू' म्हणत. तो चार-पाच वर्षांपूर्वी आला होता. सामान्य माणसाच्या बाबतीत घरचे लोक लग्नाचे व्हिडिओ आणि फोनमधले फोटो गोळा करून, साक्षांकित करून आणत, आणि सेतू जेमतेम उभा राही. ज्योत्स्नाच्या बाबतीत अडचण उलटी होती. सभागृहातली भाषणं, समित्यांच्या बैठका, मुलाखती, प्रचारसभा, प्रत्येक विधेयकावरचं मत, सगळं सरकारी शिक्क्यानिशी जपलेलं होतं. आणि कायद्याने फक्त असं साक्षांकित चित्रणच वापरायला परवानगी होती. नाहीतर कुणीही कुणाच्या डोक्यात काहीही घातलं असतं.

"इतकं भरगच्च साहित्य आम्हाला आजवर कुणाचंच मिळालं नव्हतं," डॉ. घटाटे खुशीत म्हणाल्या.

पावसाळाभर उपचार चालले. दिवाळीआधी ज्योत्स्नाला सात वर्षं परत मिळाली. मग संसदेच्या वैद्यकीय मंडळाने तिची परीक्षा घेतली. सेतू बसवलेला सदस्य तोच माणूस आहे की नाही, हे ठरवायला मंडळाकडे एकच मोजपट्टी होती: धोरणांवरचे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्याच्या जुन्या मतांशी ताडून पाहायची. ज्योत्स्नाचं जवळपास प्रत्येक उत्तर जुळलं. तिला 'पूर्ववत' असं प्रमाणपत्र मिळालं. तिचा स्वीय सहायक प्रफुल्ल रामटेके याने ते लगेच सगळीकडे पाठवलं आणि भंडाऱ्याच्या बंगल्यासमोर फटाके वाजले.

हेमराजला अस्वस्थ वाटायला लागलं ते त्यानंतर.

पहिल्यांदा त्याने त्याकडे लक्ष दिलं नाही. ज्योत्स्ना ताजीतवानी दिसत होती. सकाळी फिरायला जायची, कार्यकर्त्यांशी बोलायची, वेळेवर जेवायची. पण तिच्या बोलण्यातलं काहीतरी त्याला टोचत राहायचं, चपलेत खडा अडकावा तसं. एका संध्याकाळी जेवताना त्याने सहज विषय काढला. त्या दिवशी लाखनीच्या एका गोठ्यात दोन म्हशी उष्म्याने दगावल्या होत्या, आणि तेही नोव्हेंबरात.

"जनावरांना लाल दिवसाची सुट्टी नाही," तो म्हणाला. "आणि माणसांना आहे तर तिचा पगार नाही."

'लाल दिवस' हा शब्द तोवर लहान मुलांनाही माहीत झाला होता. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं, ते पस्तीस अंशांच्या जवळ गेलं की अंगावरचा घाम वाळत नाही. मग सावलीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांत मरू शकतो. अशा दिवशी उघड्यावरचं काम बंद ठेवायचं, असा देशव्यापी कायदा झाला होता. त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची, हे मात्र त्यात नव्हतं. अर्धी मालकाने आणि अर्धी सरकारने द्यावी अशी दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी आली होती. ज्योत्स्नाने तिच्या विरोधात भाषण केलं होतं आणि विरोधात मत दिलं होतं.

तिने पोळीचा तुकडा खाली ठेवला. "भावनेने पोट भरत नाही, महोदय," ती म्हणाली. "आज आपण मालकावर हा बोजा टाकू, उद्या तो मालक आपला उद्योग डोंगराळ थंड राज्यांत नेईल. मग आपल्या मजुराला लाल दिवसाचीच नव्हे, कुठल्याच दिवसाची मजुरी मिळणार नाही. मला माझ्या मजुराला रोजगार द्यायचा आहे, दिलासा नव्हे."

'महोदय' म्हटल्यावर ती किंचित चपापली आणि पुन्हा जेवायला लागली. हेमराज तिच्याकडे पाहत राहिला. हे भाषण तिने सभागृहात केलं त्या आठवड्यात घरी आल्यावर ती काय म्हणाली होती, ते त्याला स्वच्छ आठवत होतं. "काय फाडफाड बोलले रे मी," असं म्हणून तिने स्वतःच्या प्रत्येक मुद्द्याची चिरफाड केली होती. थंड राज्यांत विटांची माती नाही, तिथे भट्ट्या नेणार कशा, असंही विचारलं होतं. पक्षाचा आदेश होता म्हणून मत दिलं, एवढंच. ती नेहमी असंच करायची. दिल्लीत एक बाजू मांडायची आणि घरी येऊन दुसरी.

ती दुसरी बाजू कुठल्याच चित्रणात नव्हती.

हे ध्यानात आलं तेव्हा हेमराज हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. त्याच्या घरात आता एक अशी बाई राहत होती, जिचा आपल्या प्रत्येक भाषणावर मनापासून विश्वास होता.

जानेवारीत बातमी आली की मजुरीची दुरुस्ती पुन्हा मांडली जाणार आहे. या वेळी पक्षात राज्याराज्यांत मतभेद होते, म्हणून सदस्यांना मोकळीक देण्यात आली होती. ज्याने त्याने आपल्या बुद्धीने मत द्यावं.

प्रफुल्ल निर्धास्त होता. "ताई आता किती ठाम झाल्यात, साहेब," तो हेमराजला म्हणाला. "आधी मतदानाच्या आदल्या दिवशी फोन करून त्या सगळे मुद्दे उलटेपालटे करायच्या."

त्या रविवारी हेमराजने तिला सांगितलं. ती अंगणात खुर्ची टाकून कागद चाळत होती.

"ज्योत्स्ना, आजारी पडायच्या आधी, मे महिन्यात, आपण दोघं पवनीच्या रस्त्याला एका वीटभट्टीवर गेलो होतो. तुझ्यासोबत कुणी नव्हतं. प्रफुल्लसुद्धा नाही. परत येताना गाडीत तू मला म्हणाली होतीस की पुढच्या वेळी मी हो म्हणेन."

"कशाला हो म्हणेन?"

"मजुरीच्या दुरुस्तीला."

तिने चष्मा काढला. "मला भाषण आठवतं, हेमराज. सभागृहात कोण कुठे बसलं होतं ते आठवतं. बोलताना माझा घसा कोरडा पडला होता तेही आठवतं. आणि तू म्हणतोस ते मला काहीच आठवत नाही."

"त्याचं चित्रण नाही ना. म्हणून."

"मग पुरावा काय?"

"मी आहे."

"तू पहिल्यापासून त्या दुरुस्तीच्या बाजूने आहेस," ती शांतपणे म्हणाली. वकिलीतला तिचा आवाज असाच होता. "तुझ्या जागी कुणी दुसरा साक्षीदार असता तर मी त्याला हाच प्रश्न विचारला असता."

तो चिडला, उठला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं म्हणाले नाही मी. पण तुझ्या सांगण्यावरून मी माझं मत बदलायचं, तर मग मत कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी तो नागपूरला गेला.

डॉ. घटाटे यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. तारा अजून जागेवर होत्या आणि मार्चअखेर त्या बंद करायच्या होत्या. तोवर हवं ते घालता आलं असतं. हेमराजने तेच सुचवलं. गाडीतला तो प्रसंग दोन नट घेऊन उभा करायचा, ज्योत्स्नाचा चेहरा आणि आवाज यंत्राने बसवायचा, हे तर आता कुठल्याही स्टुडिओत होत होतं.

"करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ते तिचं होईल. तिला कधी शंकासुद्धा येणार नाही. मी ते करणार नाही, ती गोष्ट वेगळी. पण समजा मी केलं, तर तुम्हाला चालेल का?"

हेमराज गाडीची किल्ली उचलून उठला.

"आणखी एक," त्या म्हणाल्या. "गाडीतलं ते बोलणं तुम्ही किती वेळा आठवलंत?"

"रोजच आठवतो."

"मग ते तुम्हीसुद्धा रोज नव्याने बांधताय. तारा नाहीत, एवढाच फरक."

परतीच्या रस्त्यावर तो दोनदा चहाला थांबला आणि दोन्ही वेळा चहा अर्धा टाकून निघाला.

घरी आल्यावर त्याने ज्योत्स्नाला एवढंच म्हटलं, "मागचं राहू दे. मत द्यायच्या आधी एकदा त्या भट्टीवर चल. काहीही आठवायला नाही, नुसतं बघायला." ती लगेच तयार झाली नाही. प्रफुल्लने दोनदा तारीख पुढे ढकलली. शेवटी फेब्रुवारीत, वर्षातला पहिला लाल दिवस जाहीर झाला, त्या दुपारी ती स्वतःच गाडीत येऊन बसली.

भट्टीवर शुकशुकाट होता. उघड्यावरचं काम कायद्याप्रमाणे बंद होतं. पण मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि तिथून माती थापण्याचा आवाज येत होता. कायदा उघड्यावरच्या कामाचा होता. शेडला छप्पर होतं.

एक चाळिशीची बाई डोक्यावरचा ओला पदर सावरत बाहेर आली. यमुना शहारे तिचं नाव. तिने ज्योत्स्नाला ओळखलं.

"तुमी मांगं आल्या होत्या ना, ताई. तब्येत बरी हाये ना आता?"

"बरी आहे. मागे आले तेव्हा मी काय म्हणाले होते तुम्हाला?"

यमुनाने हेमराजकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "काई नाई म्हटलं तुमी. माई नणंद याच शेडीत मेली, ते मी तुमाले सांगितलं. मंग तुमी आत गेल्या. लय वेळ होत्या आत. बाहेर आल्या आन तिकडं भितीजवळ ओकल्या. मले म्हनाल्या, मले मालूम नोतं. बस, येवढंच."

"मतदानाचं काही?"

"नाई बा. मताचं कोनी काई नाई बोललं."

हेमराजला वाटलं होतं की यमुनाच्या तोंडून ते वाक्य येईल. गाडीतलं नसेल, पण त्यासारखं काही तरी तिला सांगितलेलं असेल. तो पायाखालची वीट टाचेने उगाच फोडत राहिला.

"या बंद शेडमध्ये कशाला काम करता?" ज्योत्स्नाने विचारलं. "आज सुट्टी आहे ना."

"सुट्टी हाये, पर खाडा पडते ना, ताई. बाहेर काम केलं त मालकाले दंड. आत केलं त कोनाले काई नाई. मुकादम म्हनते, ज्याले याचं असन त्यानं यावं. सगडेच येतेत."

ज्योत्स्ना शेडकडे निघाली. हेमराजने तिचा दंड धरला. "तुझी तब्येत—"

"सोड," ती म्हणाली.

तो तिच्या मागोमाग आत गेला. आत पंखा नव्हता. पत्र्याची आच वरून येत होती आणि ओल्या मातीची वाफ खालून. तिथे बायका ओळीने उकिडव्या बसून साचे भरत होत्या. कुणी बोलत नव्हतं. हेमराजचा शर्ट अंगाला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला आणि वाळेना. त्याला जनावरांचे श्वास मोजायची सवय होती. समोरच्या बाईचा श्वास त्याने नकळत मोजला आणि मग मोजायचं सोडून दिलं. ज्योत्स्ना एका साच्याजवळ खाली बसली. तिने भिंतीशी बसलेल्या एका मुलीला काही विचारलं. मुलीने मान हलवली. बाहेर आली तेव्हा ज्योत्स्नाचा चेहरा पांढरा पडला होता. या वेळी ती ओकली नाही. यमुनाने दिलेलं पाणी पिऊन ती निमूटपणे गाडीत बसली.

पवनी मागे पडल्यावर तिने विचारलं, "तेव्हा या रस्त्यावर मी नेमकं काय म्हणाले होते?"

हेमराजने गाडीचा वेग कमी केला. तो इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहत होता, तो हाच होता. उत्तर तोंडाशी तयार होतं. पण यमुनाचं 'काई नाई म्हटलं तुमी' कानात घुमत होतं.

"मला वाटतं, तू म्हणालीस की पुढच्या वेळी हो म्हणेन," तो म्हणाला. "पण खरं सांगू? कदाचित मीच म्हणालो असेन, पुढच्या वेळी हो म्हण. आणि तू गप्प बसली असशील. आता मला कळेनासं झालंय."

साडीच्या काठाला लागलेली माती तिने नखाने खरवडली.

"मग ते सोडून दे," ती म्हणाली. "मी तेव्हा काय म्हणाले त्याने आता काय फरक पडतो? तिथे एक पोरगी होती, भिंतीजवळ. तिला लघवी होत नाहीये सकाळपासून. तिला ते काही विशेष वाटत नव्हतं."

मार्चमध्ये दुरुस्ती मतदानाला आली. ज्योत्स्नाने 'हो' म्हटलं. ती दुरुस्ती एका मताने मंजूर झाली.

संध्याकाळ व्हायच्या आत तिचं जुनं भाषण आणि नवं मत शेजारी शेजारी लावून देशभर फिरू लागलं. मत फिरवणारे पुढारी लोकांना नवे नव्हते. पण त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यात तारा नव्हत्या. 'हिच्या मेंदूत कुणी काय घातलं?' असा प्रश्न एका वाहिनीने विचारला, आणि दोन दिवसांत उद्योजकांच्या एका संघटनेने अर्ज केला की ठवरे यांना दिलेलं 'पूर्ववत' प्रमाणपत्र खोटं ठरलं आहे. त्या आपल्या नोंदलेल्या मताविरुद्ध गेल्या, म्हणजे त्या त्याच राहिलेल्या नाहीत. म्हणून ते मत बाद धरावं. ते मत बाद झालं असतं तर पारडी समसमान झाली असती आणि दुरुस्ती अडकली असती.

चौकशीसाठी सदस्यांची एक समिती नेमली गेली. डॉ. घटाटे यांनी सांगितलं की तारांमधून ऑक्टोबरनंतर काहीही सोडलेलं नाही. पण हेमराज जानेवारीत त्यांना भेटून गेला होता हे बाहेर आलं, आणि संशय त्याच्यावर वळला. समितीने त्याला साक्षीला बोलावलं.

दिल्लीत प्रफुल्लने त्याला बाजूला घेतलं. पंधरवड्यात त्याचे डोळे खोल गेले होते. "साहेब, तुम्ही फक्त एवढंच सांगा की ताईंनी आजाराआधीच ठरवलं होतं. मग त्या पूर्ववतच ठरतात. सगळं मिटतं. त्यांची जागा वाचते, दुरुस्ती वाचते. आणि भट्टीवर जायच्या तारखेसाठी मागे लागला होतात, तेव्हा तुम्ही मला स्वतः सांगितलं होतं तसं. खोटं कुठे आहे यात?"

"ज्योत्स्ना काय म्हणते?"

"त्या काही म्हणत नाहीत. कालपासून माझ्याशी बोलल्याच नाहीत."

तो ज्योत्स्नाच्या खोलीत गेला. ती साडीला पिन लावत होती.

"मी काय सांगू?" त्याने विचारलं.

"ते मी कशी सांगणार? साक्षीदाराला पढवत नाहीत," ती म्हणाली. पिन दोनदा तिच्या बोटात रुतली.

समितीची खोली लहान आणि फार थंड होती. अध्यक्ष दक्षिणेतले एक वयोवृद्ध सदस्य होते. त्यांच्यासमोर मेजावर ज्योत्स्नाच्या सात वर्षांच्या मतांचा गठ्ठा होता.

"डॉ. ठवरे," ते म्हणाले, "आजारापूर्वी तुमच्या पत्नीने या प्रश्नावर आपलं मत बदलल्याचं तुम्हाला सांगितलं होतं का?"

'हो' म्हणायला एक क्षण पुरला असता. त्याने ज्योत्स्नाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याला वाटलं, आपण हो म्हटलं तर ही बाई सुटेल, पण आयुष्यभर तिला आपण बांधलेल्या एका वाक्यात राहावं लागेल. मग त्या शेडमध्ये ती गेली ती कशाला?

"मला खात्रीने सांगता येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे नाही?"

"म्हणजे मला तसं आठवतं. पण मी ते इतक्या वेळा आठवलंय की त्यात तिचं किती आणि माझं किती, ते आता मला सांगता येणार नाही. शपथेवर तर नाहीच."

प्रफुल्लने डोळे मिटून घेतले. समितीतले दोघे तिघे आपापसांत कुजबुजले. अध्यक्षांनी ज्योत्स्नाकडे वळून विचारलं, "मग तुमचं मत का बदललं?"

ज्योत्स्ना उभी राहिली. सवयीने तिचा आवाज चढला, पण मग तिने तो खाली आणला.

"आजारापूर्वी माझं मत काय होतं ते तुमच्या मेजावर आहे, आणि ते माझंच होतं असं मी धरून चालते. फेब्रुवारीत मी एका वीटभट्टीवर गेले होते. तिथल्या शेडमध्ये जाऊन बसले. त्यानंतर माझं मत बदललं. यापलीकडे काही नाही. इथे बसलेल्या कुणाचं मत बदललं तर त्याला डॉक्टरकडे पाठवत नाहीत. मला पाठवायचं असेल तर पाठवा. पण मग मी मरेपर्यंत तेच तेच बोलले, तरच मी शहाणी असं ठरेल. तसं काम करायला माणूस कशाला हवा? हा गठ्ठाच तिथे बसवा."

निकाल यायला एप्रिल उजाडला. मत वैध ठरलं आणि दुरुस्ती टिकली. 'पूर्ववत' प्रमाणपत्र मात्र रद्द झालं. सदस्यत्व राहिलं, पण संसदेच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे दोन रकाने आले: सेतूपूर्वीची मतं आणि सेतूनंतरची. दुसऱ्या रकान्यात एकच नोंद होती. पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट मिळणार नाही हे पक्षाने न सांगता कळेल अशी व्यवस्था केली. प्रफुल्ल रडवेला होऊन निरोप घेऊन गेला आणि दुसऱ्या एका खासदाराकडे रुजू झाला.

पक्षाच्या बैठकीला आता तिला कुणी बोलावत नव्हतं, आणि काय बोलायचं ते कागदावर लिहून देत नव्हतं. विधेयकाचा मसुदा ती स्वतः वाचत बसे, वैतागे, फोन करून लोकांना प्रश्न विचारी.

मे महिन्यात जनावरांच्या प्रतिजैविकांवरचं विधेयक आलं. खेड्यातल्या पशुवैद्यांना ती औषधं जिल्ह्याच्या परवानगीशिवाय देता येणार नाहीत, असं त्यात होतं. जंतू औषधांना दाद देईनासे झाले होते आणि माणसं साध्या जखमांनी मरत होती, हे खरं होतं. पण परवानगी येईपर्यंत गाय मरते, हेही खरं होतं. हेमराजचा त्याला कडाडून विरोध होता. आठवडाभर ज्योत्स्नाने त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. किती गाई, कुठली औषधं, परवानगीला किती वेळ, तू स्वतः कितीदा गरज नसताना इंजेक्शन दिलंस. त्याने सगळं सांगितलं. आपलं म्हणणं तिला पटलं आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

मतदानाच्या दिवशी तो सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसला. घंटा वाजली, दारं बंद झाली. समोरच्या फलकावर सदस्यांचे दिवे भराभर लागत गेले. ज्योत्स्नाचा दिवा लागेना. तिचं डोकं कागदांवर वाकलेलं होतं. हेमराज खुर्चीच्या काठावर सरकला. वेळ संपत आली तेव्हा तिचा दिवा लागला.

हिरवा होता. तिने विधेयकाच्या बाजूने मत दिलं होतं.

तो थक्क होऊन फलकाकडे पाहत राहिला. त्याला राग आला, अगदी मनापासून आला. बाहेरच्या पायऱ्यांवर ती त्याला भेटली. कागद छातीशी धरलेले, उन्हाने डोळे बारीक केलेले.

"रागावलास?" तिने विचारलं.

"हो."

"चूक केली असेन मी. अजून मला खात्री नाही. का रागावलास ते सांग."

ते दोघं गाडीच्या दिशेने चालू लागले.

"पहिली गोष्ट म्हणजे," हेमराज म्हणाला, "तुला गोठ्यातलं काडीचंही कळत नाही."